अख्खी भेंडी

हजार भेंड्या म्हणजे किती, हे त्या टेबलावर ओतल्याशिवाय माणसाला कळत नाही. सत्तावीस सप्टेंबरच्या सकाळी तिया पिनाने दोन्ही पोती उलटी केली आणि गोदामातलं ते लांबलचक टेबल, ज्यावर एके काळी तंबाखूची पानं निवडली जायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं झालं. ती आपल्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसली, मांडीवर फळी घेतली, सुरी उचलली, आणि पहिल्याच भेंडीला तिची बोटं आखडली.

"झालं, रुसली," ती बोटांकडे बघत म्हणाली. "चाळीस वर्षं सिगार वळले तेव्हा नाही रुसली. आजच बरा मुहूर्त सापडला."

खरं नाव क्रिस्पिना. पण ब्राझीलमधल्या काशोएरा गावात लहानथोर तिला तिया पिनाच म्हणत, म्हणजे पिना मावशी. तिच्याहून म्हाताऱ्या बायकाही मावशी म्हणत, आणि त्याचा तिला भारी राग यायचा. एकाहत्तरावं सरलं होतं. गुडघे बरे होते, जीभ तर फारच बरी होती, फक्त हात गेले होते. आणि हा तिचा गोदामातला शेवटचा कारुरू होता, कारण महिन्याभरात गोदामाला कुलूप लागणार होतं.

कारुरू म्हणजे बारीक चिरलेल्या भेंडीत सोडे, शेंगदाणे, काजू आणि देंदे नावाच्या ताडाचं लाल तेल घालून घोटलेलं दाट कालवण. ज्याचा नवस असेल त्याने ते जुळ्या संतांच्या दिवशी गावाला घालायचं. आधी सात मुलांनी जमिनीवर बसून एकाच परातीत हाताने जेवायचं, मग बाकीच्यांनी. आणि हजारातल्या थोड्या भेंड्या मुद्दाम अख्ख्या सोडायच्या. ज्याच्या ताटात अख्खी भेंडी निघेल, पुढच्या वर्षी कारुरू घालायचा मान त्याचा. यात कुणाला गळ घालायची नाही की नाव सुचवायचं नाही. भेंडी आपला माणूस आपण शोधते.

आता मान म्हणजे मानच, पण हजार भेंड्या चिरायचा मान हवाय कुणाला? म्हणून काशोएराची माणसं ताट हातात आलं की आधी काट्याने चाचपून बघतात. अख्खी भेंडी लागलीच, तर इकडेतिकडे बघून न चावता गिळून टाकतात. गोदामासमोरच्या घरातला बोनिफासियो शिंपी या कलेतला उस्ताद. आजवर त्याने पाच तरी गिळल्या, याबद्दल तिया पिनाच्या मनात शंका नव्हती. गिळताना तो कोंबड्यासारखी मान वर करायचा, डोळे मिटायचा, आणि मग ताकास तूर न लागू देता म्हणायचा, "मीठ जरा कमी पडलंय हं, पिने."

हा कारुरू मुळात तिच्या आईचा. आईला जुळं झालं होतं, क्रिस्पिना आणि क्रिस्पिम. पाचव्या वर्षी क्रिस्पिमला ताप आला, आणि तीन दिवसांत पोर गेलं. आई नदीपलीकडे साओ फेलिक्सच्या कारखान्यात सिगार वळायची. तिने त्याच सप्टेंबरात पहिला कारुरू घातला आणि नवस बोलली, की या गल्लीत चूल पेटते आहे तोवर पोराच्या नावाचा कारुरू बंद पडणार नाही. मुलांनी परातीत हात घालण्याआधी ती मोठ्याने म्हणायची, "क्रिस्पिम." मुलं म्हणायची, "क्रिस्पिम," आणि मग तुटून पडायची. आई गेल्यावर पिना म्हणू लागली. पिनाला मूलबाळ झालं नाही. नवरा होता, तो एकदा बोटीने साल्वादोरला गेला तो गेलाच, आणि त्याच्याबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही.

तिच्यानंतर कोण? हा एकच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर गावातला जो तो गिळून बसला होता.

कारखाना बंद पडला त्या वर्षी प्रोफेसर आवरेलिनो गावात परतले. शिंप्याच्याच गल्लीतलं पोर, पण वीस वर्षं दाकार आणि लागोसमध्ये शिकवून आलेलं. पांढरी दाढी, खांद्याला झोळी, आणि डोक्यात एक खूळ. त्यांनी तंबाखूचं पडकं गोदाम भाड्याने घेतलं, चुना मारला आणि दारावर पाटी लावली, 'परतीचं घर'. आफ्रिकेतले आणि आफ्रिकेहून कधीकाळी जहाजांत कोंबून आणलेल्यांच्या वंशातले चित्रकार, मूर्तिकार, विणकर, नाचणारे, लिहिणारे असे कुणीही तिथे तीन महिने येऊन राहतील, काम करतील आणि गावाला दाखवतील.

"आपल्या पणज्यांना एकाच बाजूचं तिकीट होतं, पिना," ते म्हणाले होते. "आता यांना दोन्ही बाजूंचं देऊ."

"देऊ की. पण जेवायला काय देऊ?"

"म्हणून तर तुझ्याकडे आलोय."

तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं. पाटीवर काहीही असो, गाव त्या घराला गोदामच म्हणत राहिलं, आणि तिथे येणाऱ्यांना 'तीनमाही'. "आज बाजारात एक तीनमाही दिसला, भोपळ्याशी बोलत होता," असं लोक सांगत.

काय दिवस होते ते. सेनेगालची एक बाई आली, तिने तिया पिनाच्या कपडे धुण्याच्या टबात नीळ कालवली. गल्लीतली पोरं त्यात हात बुडवून आली आणि आठवडाभर निळ्या हातांनी शाळेत गेली. बार्बाडोसच्या एका म्हाताऱ्याने ऊस तोडणाऱ्यांची नुसती पावलं चितारली, चाळीस जोड. ती बघायला आलेले मळ्यातले लोक एकेका पावलासमोर उभे राहून ते कुणाचं असेल यावर भांडले. शुक्रवारी दुपारी गोदामाची दारं लावून आतल्या भिंतीवर सिनेमा दाखवायचे. शनिवारी बायकांचं भरतकाम, रविवारी ढोल. ढोल सुरू झाला की समोरून बोनिफासियोची खिडकी धाडकन बंद व्हायची. थोड्या वेळाने ती बोटभर उघडायची, हेही तिया पिनाने पाहून ठेवलं होतं.

आणि प्रत्येक सप्टेंबरात कारुरू. चुलीला जागा होती, भांडी मोठी होती, चिरायला हात होते. गाववाले भेंडी गिळतात म्हटल्यावर तिया पिनाची नजर तीनमाहींवर गेली. परक्यांना गिळायची युक्ती कुठली माहीत? पहिल्याच वर्षी तिने एक शिजलेली अख्खी भेंडी बाजूला काढली आणि जी पोरगी तिला जीव लावून गेली होती, तिच्या ताटात कारुरूशेजारी वाढलेल्या चवळीखाली सारली. भेंडी जिला मिळाली तिला पुढच्या वर्षी परत यावंच लागणार, असा हा साधासरळ डाव. संतांच्या कामात हात घालू नये, हे तिला कळत होतं. पण संत एकट्याने किती बघणार, त्यांनाही मदत लागतेच.

पोरगी भेंडी बघून हसली, रडली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "येणार, तिया, नक्की येणार." आली नाही. दुसऱ्या वर्षी दुसरा, तिसऱ्या वर्षी तिसरी. सगळे गळ्यात पडायचे. काहींची पत्रं यायची, एकीने लग्नाचे फोटो पाठवले. परतीच्या घरी परत कुणी आलं नाही. तिया पिना दर वर्षी म्हणायची की आता कानाला खडा, आणि दर सप्टेंबरात पुन्हा एक भेंडी बाजूला काढायची.

कोजो मेदेइरोसचं प्रकरण मात्र वेगळंच. तो आफ्रिकेतल्या पोर्तो-नोव्होचा, लाकडात काम करणारा. आडनाव इथल्यासारखं, कारण त्याचा खापरपणजा इथल्याच गुलामीतून सुटून तिकडे परतलेला. पण बोलणं नाही, हसणं नाही. तीन महिने तो नदीच्या पायऱ्यांवर बसून लोखंडी पुलाकडे बघत राहिला.

"प्रोफेसर, हा काय करतोय?" तिने विचारलं होतं.

"बघतोय. तेही काम असतं."

"मग मी तर लहानपणापासून कलाकार आहे. तोच पूल मी साठ वर्षं बघतेय."

शेवटी शेवटी त्याने एक वस्तू केली. फणसाच्या लाकडाचं बुटकं स्टूल, तीन पायांचं, बसायला किंचित खोलगट. प्रदर्शनात न ठेवता त्याने ते स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि निघून गेला. "तीन महिने गिळलं आणि एक पाट दिला," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. पण त्या स्टुलावर बसलं की तिचं कंबरेचं दुखणं थांबायचं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षीची भेंडी तिने येसेनियासाठी काढली होती. येसेनिया कोलंबियाची, किनाऱ्यावरच्या गावातली, अखंड बडबडी, तिया पिनाची लाडकी. ताट तिच्या हातात दिलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आणि येसेनियाने ते शेजारी सरकवलं. "मला सोडे चालत नाहीत, अंगावर पित्त उठतं. कोजो, तू खा." तीन महिने रोज जेवू घालून ही गोष्ट तिया पिनाला कशी कळली नाही कोण जाणे. कोजोने चवळी उकरली, भेंडी दोन बोटांत धरून वर केली आणि विचारलं, "हे काय?"

सगळे हसले. तिया पिनाचं तोंड कडू झालं. "हे म्हणजे पुढच्या वर्षी कारुरू तू द्यायचास," ती म्हणाली. तो थोडा वेळ परातीभोवतीच्या मुलांकडे बघत राहिला. मग त्याने भेंडी पुसली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. ऑक्टोबरात गेला. नंतर पत्र नाही, फोन नाही, नमस्कार नाही. सात वर्षं तिया पिनाने त्याचा उद्धार केला. खाऊन तोंड पुसून मोकळं होणाऱ्या माणसाला ती तेव्हापासून 'अगदी कोजो आहे' म्हणू लागली, आणि हा शब्द गल्लीतही रुजला.

मग गेल्या पावसाळ्यात प्रोफेसर गेले. झोळी खुंटीला होती, चष्मा टेबलावर होता, फक्त ते नव्हते. त्यांची भाची लिंदाउरा वर्षभर एकटी धडपडली. घर चालवायला ज्या संस्था हातभार लावत, त्यांनी एकेक करून हात काढून घेतला. गोदामाच्या मालकांना आता तिथे पाहुण्यांसाठी लॉज काढायचा होता. तिया पिनाची स्वतःची खोली म्हणजे एक शेगडी आणि एक खाट. तिथे हजार काय, पन्नास भेंड्यांचंही भांडं मावलं नसतं. आणि मावलं असतं तरी चिरणार कोण? या खेपेला भेंडी कुणी उचलली नाही, तर आईचा नवस तिच्याच हातात तुटणार होता. तिला रात्ररात्र एकच दिसायचं, की वर आई भेटेल आणि काहीच विचारणार नाही.

"या वेळी मी लबाडी करणार नाही," तिने त्या सकाळी लिंदाउराला सांगितलं. "सात भेंड्या अख्ख्या सोडते भांड्यात. ज्याचं नाव त्याला. संतांना करायचं ते करू दे."

"तू लबाडी करायचीस, तिया?"

"तू भेंड्या चीर."

उरलेल्या तीन तीनमाहींनी, लिंदाउराने आणि शेजारणींनी मिळून दुपारपर्यंत भेंड्या संपवल्या. तिया पिना स्टुलावर बसून फक्त ओरडत होती. "अगं, बारीक, बारीक. बैलाला घालायची आहे का?" दोन वाजता परात जमिनीवर आली. सात मुलं भोवती बसली. तिने नाव घेतलं, मुलांनी नाव घेतलं, आणि तिचा आवाज जरा फुटला, पण तो कुणाच्या लक्षात येण्याआधी परातीत चौदा हात पडले होते.

मग मोठ्यांची ताटं. साठ-सत्तर माणसं. तिने स्वतःच्या हाताने एकेक ताट वाढलं, डोळे भांड्यावर न ठेवता, मुद्दाम दुसरीकडे बघत. आणि वाट बघू लागली. कुणीतरी ओरडेल, कुणीतरी काटा वर करेल. लोक जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, पॉपकॉर्न आणि खोबऱ्याच्या वड्या वाटून झाल्या. एकाही भेंडीचा पत्ता नाही. तीनमाहींची ताटं तिने जाऊन बघितली, स्वच्छ होती. म्हणजे सातही भेंड्या गाववाल्यांच्या ताटांत गेल्या आणि सातही गिळल्या गेल्या. तिने भांडं खरवडून पाहिलं. मग झाकण ठेवलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

"दारं लावा," लिंदाउरा म्हणाली. शेवटचा कार्यक्रम म्हणून तिने जुन्या तीनमाहींना निरोप पाठवायला सांगितलं होतं, ते आता भिंतीवर दाखवायचे होते. निळीवाली बाई आली, केस पांढरे झाले होते. येसेनिया आली, कडेवर पोर, बडबड तीच. लोक टाळ्या वाजवत होते, नावं घेत होते, डोळे पुसत होते. तिया पिना बघत होती आणि नव्हतीही.

मग भिंतीवर कोजो आला.

"आला बाबा," ती पुटपुटली. "तोंड पुसून आला."

तो एका अंगणात उभा होता. पोर्तुगीज अजूनही अडखळतच होतं. "तिया पिना," तो म्हणाला, "पहिल्या वर्षी मी माझ्या आईच्या अंगणात कारुरू केला. मला चिरता येत नव्हतं, मोठाले तुकडे झाले. मुलं म्हणाली, हा चारा आहे. पण खाल्लं. मी एक भेंडी अख्खी टाकली होती. ती वेल्डरच्या बायकोला मिळाली. दुसऱ्या वर्षी तिने घातला. मग शाळामास्तरला मिळाली. मग एका खानावळवालीला, आणि तशीच पुढे आणखी दोघांना. यंदा मासळीबाजारामागे आहे. जी बाई घालतेय तिला मी ओळखतही नाही. मला नुसतं जेवायचं आमंत्रण आहे."

तिया पिना स्टुलावर पुढे सरकली.

"लिंदाउरा म्हणाली, तुम्ही माझ्यावर रागावलाय. तुम्ही मला लिहायला सांगितलं नव्हतं, तिया. द्यायला सांगितलं होतं." त्याने खिशातून काळी पडलेली, वाळून काडी झालेली एक भेंडी काढून दाखवली आणि पुन्हा ठेवली. "एक विचारायचं होतं. मुलं हात घालण्याआधी आम्ही ते नाव घेतो. मी बरोबर ऐकलं होतं ना? क्रिस्पिम?"

कॅमेरा वळला. लाल मातीत एक परात होती आणि सात अनोळखी पोरं एका सुरात तिच्या भावाचं नाव घेऊन जेवणावर तुटून पडली.

तिया पिना रडली. ती लोकांसमोर रडणारी बाई नव्हती, पण रडली. तोंड न लपवता, नाक ओढत, सगळ्यांसमोर. पाच वर्षांचं पोर, ज्याला या नदीपलीकडचंही काही दिसलं नव्हतं, ते समुद्र ओलांडून गेलं होतं. आणि तिने त्याला नेणाऱ्या माणसाला सात वर्षं शिव्या घातल्या होत्या.

दारं उघडली. लोक तिच्या खांद्याला हात लावून बाहेर पडले. बोनिफासियो तेवढा जागचा उठला नाही. पोटावर ताट, तोंड मिटलेलं, गाल जरा फुगलेला.

"काय रे, बोनी? मीठ कमी पडलं?"

त्याने मान हलवली. मग तोंडात दोन बोटं घातली आणि अख्खी भेंडी बाहेर काढून ताटात ठेवली.

"अर्धा तास झाला," तो म्हणाला. "गिळत होतो. तो बोलायला लागला आणि ती उतरेचना."

तिने वाकून ताटातल्या भेंडीकडे बघितलं.

"पाच गिळल्या, पिने, आजवर."

"ठाऊक आहे मला."

"तुझ्या आईच्या पहिल्या परातीत सात पोरं होती, त्यात मी होतो. क्रिस्पिमची जागा रिकामी होती, माझ्या शेजारी." त्याने ताट खाली ठेवलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "मला द्यायचा नव्हता असं नाही. बायको गेल्यापासून मी चहाशिवाय काही केलेलं नाही. हजार भेंड्या मी चिरणार कशा? हसाल सगळे. म्हणून गिळायचो. पण तिकडे एक माणूस चारा करून घालतो, आणि मी इथे, याच गल्लीत..."



तिया पिना उठली. टेबलाखाली घरंगळलेल्या दोन-चार भेंड्या तिने वाकून उचलल्या, फळी आणली, सुरी आणली. मग स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "आधी देठ काढ. मग उभी चीर द्यायची, चौकडीची. तसा नको धरू, बोट जाईल. शिंपी आहेस ना? कापड बेततोस तसं बेत."

तो बसला. पहिली भेंडी त्याने वाकडी चिरली.

"क्रिस्पिम म्हण आणि पुन्हा चीर," ती म्हणाली. "वर्ष आहे आपल्याकडे."